कॅमशाफ्टची पहिली वीस मिनिटे

माझ्या १९७१ च्या शेव्हरोले शेव्हेल गाडीच्या इंजिनातून काढलेला एक लिफ्टर मी हत्यारांच्या पेटीत जपून ठेवला आहे. कॅमशाफ्ट हा इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; त्यावरच्या उंचवट्यांना लोब म्हणतात, आणि लोबवर टेकून वर उचलला जाणारा नळकांड्यासारखा तुकडा म्हणजे लिफ्टर. लिफ्टरचा तळ नवा असताना किंचित फुगीर आणि काचेसारखा गुळगुळीत असतो. या लिफ्टरचा तळ बशीसारखा खोलगट झाला आहे आणि त्यावर गोल गोल ओरखडे उमटले आहेत. तो ज्या लोबवर चालत होता, त्या लोबचे टोक जवळजवळ नाहीसे झाले होते. नवा कॅमशाफ्ट बसवल्यानंतर गाडी तेव्हा जेमतेम चारशे मैल चालली होती.

त्या बिघाडाची सुरुवात एका बारीक टकटक आवाजाने झाली. मी रॉकरचे (लिफ्टरची हालचाल पुशरॉड नावाच्या दांडीतून घेऊन व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांचे) नट पुन्हा जुळवले, आवाज दोन दिवस थांबला आणि परत आला. त्यानंतर वेग वाढवताना कार्बोरेटरमधून फटफट असे उलटे धक्के येऊ लागले. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नसेल, तर जळलेला वायू सिलिंडरमध्ये अडकून राहतो आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडताच त्या वाटेने वर उसळतो, हे मला वाचून माहीत होते; तरीही व्हॉल्व्ह कव्हर काढून इंजिन फिरवले आणि सोळापैकी एक रॉकर बाकीच्यांच्या निम्म्यानेही हलत नाही हे डोळ्यांनी पाहिले, तेव्हा मन फार खिन्न झाले. ऑइल फिल्टर कापून उघडला, तर त्याच्या कागदाच्या घड्यांमध्ये लोखंडाची चमचमणारी भुकटी भरलेली होती. ती भुकटी ऑइलबरोबर बेअरिंगांपर्यंत पोहोचलेली असणार, त्यामुळे इंजिन बाहेर काढून पूर्ण उकलणे, ऑइलच्या सगळ्या वाहिन्या ब्रशने घासून धुणे आणि सर्व बेअरिंग बदलणे याला पर्याय उरला नाही.

दोष त्या कॅमशाफ्टचा नव्हता, माझ्या तयारीचा होता. मी कॅमशाफ्ट निवडला होता तो त्याच्या आवाजासाठी. लिफ्टर ०.०५० इंच उचलल्यापासून मोजलेले २३० अंश ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, क्रँकच्या अंशांत), ०.४८० इंच लिफ्ट (व्हॉल्व्हची कमाल उघड) आणि ११० अंशांचे लोब सेपरेशन (इनटेक व एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधले अंतर) असलेला तो कॅम इंजिनाला तो प्रसिद्ध अडखळता, घुमणारा आयडल (गाडी उभी असतानाची संथ चाल) देत असे. इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी बराच काळ उघडे राहतात, कमी वेगात जळलेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो, काही स्फोट दुबळे होतात आणि इंजिन डुलू लागते; ज्या आवाजावर आपण भाळतो, त्याचे कारण एवढेच आहे. उंच वेगात हाच ओव्हरलॅप उपयोगी पडतो, कारण बाहेर धावणारा वायू मागून ताजे मिश्रण ओढून घेतो. माझ्या इंजिनाला मात्र तो लाभ घेता येईल अशी स्थिती नव्हती. १९७० मध्ये ३५० घनइंचाचे चार बॅरल कार्बोरेटरचे शेव्हरोले इंजिन १०.२५ कॉम्प्रेशनचे (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) होते आणि ३०० अश्वशक्तीचे म्हणून विकले जात होते; १९७१ साली, इंजिने कमी शिशाच्या, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन उतरवले आणि तेच इंजिन ८.५ कॉम्प्रेशन व २७० अश्वशक्तीवर आले. एवढ्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह फार उशिरा बंद होऊ लागला, तर पिस्टन वर येताना भरलेल्या मिश्रणाचा काही भाग परत बाहेर ढकलतो आणि खालच्या वेगातला उरलासुरला जोरही जातो. इंजिनाच्या ओढीने तयार होणारे आणि ब्रेकला मदत करणारे व्हॅक्यूम इतके पडले होते की पॉवर ब्रेक कडक लागत. सिग्नलवर गाडी उभी असताना लोक वळून पाहत, पण सिग्नल सुटल्यावर ती जड पावलांनी निघे.

म्हणून दुसऱ्या वेळी मी कितीतरी सौम्य कॅम घेतला: ०.०५० इंचाला इनटेक २०४ व एक्झॉस्ट २१४ अंश, लिफ्ट ०.४२० आणि ०.४४२ इंच, लोब सेपरेशन ११२ अंश. कारखान्यातून आलेल्या कॅमची लिफ्ट ०.३९० आणि ०.४१० इंच होती, म्हणजे कागदावर हा फरक लहान दिसतो. परंतु मूळचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मूळचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारा द्रवाचा जोड) आणि ८.५ कॉम्प्रेशन कायम ठेवणाऱ्या माणसाने याहून मोठा कॅम घेऊ नये, असे माझे आता ठाम मत आहे. कॅमशाफ्ट हा सुटा भाग म्हणून निवडण्याची वस्तूच नाही. कॉम्प्रेशन, हेड, स्प्रिंग, कन्व्हर्टर आणि मागच्या ॲक्सलचे गिअर हे सगळे मिळून तो ठरवतात.

या जुन्या इंजिनांमधल्या फ्लॅट टॅपेट कॅमची रचना समजून घेतल्याशिवाय तो बसवू नये, हे मी नुकसान सोसून शिकलो. नावात फ्लॅट, म्हणजे सपाट, असले तरी लिफ्टरचा तळ सपाट नसतो, तो अगदी नकळत फुगीर असतो. लोबचा माथाही सरळ नसून एका बाजूला केसभर उतरता घासलेला असतो, आणि लिफ्टरचा मध्य लोबच्या मध्यापासून किंचित बाजूला ठेवलेला असतो. या तिन्ही गोष्टींमुळे लोब फिरताना लिफ्टर स्वतःभोवती गोल फिरत राहतो आणि घर्षण एकाच जागी साचत नाही. लिफ्टर फिरायचा थांबला की काही मिनिटांत लोब खरवडला जातो. नव्या कॅमवर जुने लिफ्टर कधीही वापरायचे नाहीत आणि चाललेला प्रत्येक लिफ्टर त्याच्याच लोबवर परत जायला हवा, हा नियम यातूनच आला आहे. १९८७ पासून शेव्हरोलेने या इंजिनांत रोलर लिफ्टर आणले आणि तो प्रश्न तिथे मिटला. आपण मात्र १९७१ च्या ब्लॉकशी व्यवहार करत असतो.

ब्लॉक रिकामा असल्यामुळे या वेळी कॅम आत सरकवणे सोपे गेले. पुढच्या टोकाच्या तीन आट्यांमध्ये ५/१६ इंची तीन लांब बोल्ट लावले की धरायला मूठ तयार होते. या इंजिनातल्या कॅमचे पाचही जर्नल (बेअरिंगांत बसणारे गोल भाग) एकाच व्यासाचे असल्यामुळे मागचा जर्नल पुढच्या चारही बेअरिंगांतून जावा लागतो, आणि ती बेअरिंगे इतकी मऊ धातूची असतात की लोबची कड लागली तरी चरा पडतो. जर्नलना साधे इंजिन ऑइल आणि लोबना मॉलिब्डेनमचा काळा दाट लेप लावून, एक हात क्रँकच्या बाजूने आत घालून मी कॅमला खालून आधार देत राहिलो. प्रत्येक बेअरिंगपाशी तो अडतो. तिथे जोर न लावता अगदी थोडा फिरवला की स्वतःहून सरकतो. शेवटी तो पाचही बेअरिंगांत बसला आणि दोन बोटांनी फिरू लागला, तेव्हा मी बराच वेळ तो नुसताच फिरवत बसलो होतो.

क्रँक आणि पिस्टन जागेवर आल्यावर टायमिंग चेन चढवली. दोन्ही चाकांवरचे ठिपके समोरासमोर आणले की काम झाले, असे पहिल्या वेळी मी मानले होते. ठिपके चाकांचे दाते बरोबर जुळल्याचे सांगतात. कॅम प्रत्यक्षात किती अंशांवर बसला आहे ते त्यांवरून कळत नाही, कारण खोबण, चाकाचे छिद्र आणि कॅमची पिन यांतल्या लहान लहान फरकांची बेरीज होत जाते. या वेळी क्रँकच्या टोकाला अंशांची तबकडी लावली, पहिल्या सिलिंडरवर पिस्टन अडवणारी पट्टी बसवून दोन्ही दिशांनी फिरवून खरा वरचा मृतबिंदू (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) काढला आणि पहिल्या इनटेक लिफ्टरवर डायल इंडिकेटर (बारीक हालचाल मोजणारे घड्याळ) टेकवला. लिफ्टर कमाल उंचीच्या ०.०५० इंच अलीकडे असताना तबकडीवर ७२ अंश दिसले, पलीकडे तेवढाच उतरल्यावर १५० अंश दिसले. दोघांची बेरीज करून निम्मी केली की १११ येतात. कॅमबरोबर आलेल्या कार्डावर इनटेकचा मध्य १०७ अंशांवर हवा असे छापले होते, म्हणजे ठिपके बिनचूक जुळलेले असूनही कॅम चार अंश मागे होता. क्रँकच्या चाकावर चार अंश पुढे नेणारी वेगळी खोबण होती. चाक त्या खोबणीत बसवून सगळे मोजमाप पुन्हा घेतले, तेव्हा बरोबर १०७ आले. या कामात माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली. चार अंशांनी मागे राहिलेला कॅम इनटेक उशिरा बंद करतो, आणि माझ्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला नेमके तेच परवडणारे नव्हते, त्यामुळे ती संध्याकाळ मला या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची वाटते.

स्प्रिंगांचा विषय थोडक्यात सांगतो. पहिल्या वेळी मी दुहेरी, कडक स्प्रिंग लावल्या होत्या आणि सुरुवातीच्या चालीसाठी (नवा कॅम आणि लिफ्टर एकमेकांवर बसवून घेण्याच्या पहिल्या वीस मिनिटांसाठी) आतल्या स्प्रिंग काढून ठेवण्याचा सल्ला मानला नव्हता. कोवळ्या लोबवर तो सगळा दाब पहिल्याच फेरीपासून पडला. या कॅमला त्याच्याच निर्मात्याने सुचवलेल्या एकेरी स्प्रिंग पुरल्या. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना भिडत नाहीत आणि रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) व्हॉल्व्हच्या गाईडवरच्या सीलवर आदळत नाही, एवढे मोजून घेतले.

रॉकर जुळवताना पुशरॉड बोटांत फिरवून पाहण्याची जुनी सवय मी सोडून दिली. लिफ्टर ऑइलविना रिकामा असेल तर त्याच्या आतली मऊ स्प्रिंग दबू लागली तरी पुशरॉड सहज फिरत राहतो, आणि माणूस नट गरजेपेक्षा बराच खाली नेतो. पुशरॉड वरखाली हलवत नट आवळावा, ती हालचाल नेमकी जिथे संपते तिथे थांबावे, आणि तिथून अर्धा फेरा द्यावा.

आता ऑइलविषयी. लोब आणि लिफ्टर यांच्यामधल्या प्रचंड दाबाखाली धातूला वाचवतो तो ऑइलमधला झिंक आणि फॉस्फरसचा घटक. हाच फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या उपकरणाला) मारक ठरतो, त्यामुळे २००४ साली आलेल्या एपीआय एसएम या ऑइलच्या दर्जाश्रेणीत पातळ ऑइलमधले त्याचे प्रमाण ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले गेले. नव्या गाड्यांच्या रोलर लिफ्टरना ते पुरते. फ्लॅट टॅपेटच्या पहिल्या चालीसाठी मात्र झिंक भरपूर असलेले, त्याच कामासाठी बनवलेले ऑइल घ्यावे. तिथे मी तडजोड केली नाही.

इंजिन गाडीत चढवल्यावर, स्टार्टर मारण्याआधी ऑइल वाहिन्यांमध्ये भरावे लागते. या इंजिनात ऑइल पंप डिस्ट्रिब्यूटरच्या (स्पार्क प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) दांड्याने फिरतो, म्हणून डिस्ट्रिब्यूटरच्या जागी प्रायमिंगचा दांडा घालून तो ड्रिलने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवतात. डिस्ट्रिब्यूटरच्या बाहेरच्या नळीमुळे लिफ्टरकडे जाणारी एक वाहिनी बंदिस्त होते, त्यामुळे कॉलर नसलेला नुसता दांडा घातला तर ऑइल मध्येच गळते आणि एका बाजूचे लिफ्टर कोरडे राहतात. ड्रिल आधी मोकळे फिरते, मग दाब तयार होताच हाताला हिसका बसतो. मित्र क्रँक पाव पाव फेरा फिरवत होता आणि मी एकेक रॉकर पाहत होतो. सोळाव्या रॉकरच्या छिद्रातून ऑइलचा थेंब फुगून ओघळेपर्यंत आम्ही थांबलो नाही.

पहिल्या वेळी माझे सर्वांत मोठे चुकले ते यापुढे. कार्बोरेटर कोरडा होता, डिस्ट्रिब्यूटर एक दात चुकला होता, त्यामुळे मी मिनिटामिनिटाने स्टार्टर मारत राहिलो आणि इंजिन एकदाचे सुरू झाल्यावर मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलवर ठिणगीचे टायमिंग जुळवत बसलो. लोबना ऑइल मिळते ते मुख्यतः फिरणाऱ्या क्रँकवरून उडणाऱ्या शिंतोड्यांतून, आणि कमी वेगात ते फारसे उडत नाहीत. शिवाय कमी वेगात लोबच्या टोकावर स्प्रिंगचा पूर्ण भार असतो. वेग वाढला की व्हॉल्व्हच्या जडत्वामुळे तो हलका होतो. म्हणजे जी दहा मिनिटे मी अतिशय काळजीपूर्वक हळू चालवतो आहे असे समजत होतो, त्याच दहा मिनिटांत तो लोब मरत होता.

या वेळी पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून टायमिंग आधीच आठ अंशांवर ठेवले, कार्बोरेटरचे फ्लोट बाऊल वरून पेट्रोल ओतून भरले, रेडिएटर काठोकाठ भरला आणि थ्रॉटलचा स्क्रू आधीच वर घेतला. इंजिन दुसऱ्या फेऱ्यात पेटले आणि मी ते थेट २००० च्या वर नेले. त्यानंतर वीस मिनिटे, २००० ते २५०० च्या दरम्यान सतत बदलत. बाराव्या मिनिटाला रेडिएटरच्या वरच्या नळीतून पाणी ठिबकू लागले. मी इंजिन आयडलवर न आणता सरळ बंद केले, पट्टा आवळला, पुन्हा सुरू करून लगेच त्याच वेगावर नेले आणि उरलेली आठ मिनिटे पुरी केली. व्हॉल्व्ह कव्हरमधल्या ऑइल भरायच्या तोंडातून टॉर्च मारून पाहिले, तर जेवढे पुशरॉड दिसत होते तेवढे सगळे संथपणे स्वतःभोवती फिरत होते.

इंजिन निवल्यावर ऑइल काढले आणि फिल्टर कापला. कागदाची घडी न् घडी पांढऱ्या फडक्यावर पसरून टॉर्चखाली पाहिली. लेपाचा करडा थर होता, बाकी काही नव्हते. पाचशे मैलांनंतर दुसरा फिल्टर कापला, त्यात करडा थरही नव्हता. आयडल आता जवळजवळ सरळ आहे, व्हॅक्यूम पाऱ्याच्या १७ इंचांवर स्थिर राहते, ब्रेक हलके लागतात, आणि सिग्नल सुटल्यावर गाडी पूर्वी कधीही निघाली नव्हती अशी निघते.