क्रोमच्या दांड्याला ओरखडा न पाडणारा व्हाइस

पलटी नांगराच्या हायड्रॉलिक जॅकचा डोळा, म्हणजे दांड्याच्या टोकाचं पिनेचं कडं, झिजून लांबट झाला होता. पिन खडखडायची, नांगर पलटला की धक्का बसायचा. डोळा दांड्यावर आट्यांनी बसवलेला, वर लॉकटाइट, म्हणजे आटे जखडणारा गोंद. तो सोडवायचा तर दांडा गच्च धरायला हवा, आणि गच्च धरू नये अशीच ती वस्तू. क्रोमचा थर असतो जेमतेम २०-२५ मायक्रॉन. क्रोम कडक, पण खालचं स्टील त्यामानाने मऊ; व्हाइसचा, म्हणजे वस्तू पकडणाऱ्या शिकंज्याचा, दात रुतला की स्टील दबतं आणि वरचा क्रोम पापडासारखा तडकतो. मग त्या कडा प्रत्येक फेरीला सील कापत राहतात. नवा डोळा बसवून जॅक गळका करण्यात काय हशील?

घरचा व्हाइस ४ इंची, फिरत्या बैठकीचा. फायलिंगला उत्तम. पण दांडा ३० मिमीचा, पान्याची लांबी ६०० मिमी, टोकाला ३० किलोचा जोर. म्हणजे १८ किलो-मीटरचा पीळ. दांड्याची त्रिज्या फक्त १५ मिमी, घर्षणांक ०.२ धरला तर तो पीळ थोपवायला दोन्ही जबड्यांनी जवळजवळ ३ टनांनी दाबायला हवं. फिरती बैठक दोन बोल्टांच्या भरवशावर उभी असते, तिथे तीच आधी फिरणार.

पाइप व्हाइस सगळ्यांनी सुचवला. तो धरतो हे खरं, पण दात रुतवूनच धरतो, साखळीवालाही तसलाच. लोहाराचा पायाचा व्हाइस घणाचे घाव सोसायला नंबर एक, पण त्याचे जबडे उघडताना तिरपे होतात, गोल दांडा वरच्या किंवा खालच्या कडेवरच टेकतो.

रायफलची नळी रिसीव्हरमधून (ती जिथे बसते त्या मुख्य भागातून) सोडवणाऱ्या कारागिरांची अडचण हीच: घट्ट आटे, गोल नळी, आणि पृष्ठभागाला धक्का लागता कामा नये. ते जाड स्टीलच्या दोन ठोकळ्यांत नळीच्या मापाचा दुभंगलेला बुश (आतलं कडं) घालतात, राळ भुरभुरतात आणि बोल्ट आवळतात. दाब दोन रेघांवर न पडता सगळ्या गोलाईवर पसरतो. मला वाटतं, व्हाइस निवडताना दात किती धारदार हे बघणं चुकीचंच. त्याने किती दाबायचं आणि दांड्याला काय टेकवायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

नाशिकला रविवार कारंजाकडच्या दुकानात शेठनी आधी साइज विचारली. म्हटलं, "६ इंची द्या, पण बैठक पक्की हवी, आणि साध्या बिडाचा नको, एसजी आयर्नचा, सहजी न तडकणाऱ्या चिवट बिडाचा, दाखवा." मग जबडा अर्धा उघडून हलवून पाहिला. डावीकडे-उजवीकडे कागदाच्या पट्ट्या धरून बंद केला. एक पट्टी सहज निघून आली तर जबडे समांतर नाहीत. पहिला नग असाच परत ठेवला. शेठ म्हणाले, "भाऊ, एवढं कोणी बघत नाही." दुसरा मात्र चोख निघाला.

ठोकळे अंबडला एका टर्नरकाकांकडे करून घेतले. ॲल्युमिनियमचे दोन तुकडे, मध्ये १ मिमी पत्रा ठेवून बांधले आणि ३० मिमीचा बोअर, म्हणजे आरपार गोल भोक, मारला. पत्रा काढला की दोन्ही अर्धे दांड्याला पूर्ण मिठी मारतात, तरी एकमेकांना टेकत नाहीत. काका म्हणाले, "अहो, पितळ घ्या, टिकेल." पण मला टिकण्यापेक्षा मऊपणा हवा होता.

व्हाइस टेबलाच्या पायावर येईल असा बसवला, टेबल जमिनीला अँकर बोल्टने जखडलं. दांडा थिनरने पुसला, कारण तेलाचा पुसटसा हात असला तरी सगळं गणित कोसळतं. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली राळ कुटून बोअरमध्ये भुरभुरली. दांडा डोळ्याजवळच धरला: जॅक पूर्ण मिटला तरी तो भाग बाहेरच राहतो, सीलखाली जात नाही. व्हाइसच्या दांडीला पाइप लावून आवळायचं नाही. त्याने स्क्रू जातो.

पिस्टनची सीलं आधीच काढली होती. ब्लो टॉर्चने फक्त डोळा तापवला. लॉकटाइट साधारण २५० अंशांना मऊ पडतं. पाना खाली ओढला, वर नाही, म्हणजे जोर टेबलावर जातो. एक कर्कश आवाज आला आणि डोळा फिरला. राळ पुसून दांड्यावर नख फिरवलं, कुठेही अडकलं नाही.

आता शेजारच्यांचा ३५ मिमीचा जॅक आलाय. त्याला हे ठोकळे चालणार नाहीत, नवा बोअर हवा. काकांनी ॲल्युमिनियम मलाच आणायला सांगितलंय.