सोलापूरचं ऊन आणि भाच्याचा नवा कॅमेरा

फोटोग्राफी शिकायची म्हणून लोक पावसाळ्यात सह्याद्री गाठतात. धुकं, हिरवळ, धबधबे. कॅमेरा कुठेही रोखा, काहीतरी बरं येतंच. नेमकं म्हणूनच नवख्यानं तिथं शिकायला जाऊ नये, असं माझं मत आहे. त्यानं सोलापूरला जावं. इथलं ऊन कुणाची भीड ठेवत नाही. डिसेंबरातसुद्धा दहा वाजले की सावल्या काळ्याकुट्ट आणि भिंती पांढऱ्याफटक. मग कुठल्या वेळी कुठं उभं राहायचं, हे शिकण्यावाचून गत्यंतर नसतं.

भाच्यानं नवा कॅमेरा घेतला होता, सोबतची १८-५५ची (१८ला रुंद दृश्य, ५५ला जवळचं) लेन्स होती आणि तक्रार एकच: "मामा, फोटो क्लिअर येतात, पण परत बघावेसे वाटत नाहीत." त्याला घेऊन संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. रात्री उतरलो, जेवलो आणि गजर लावून झोपलो.

सकाळी उजाडायच्या आत सिद्धेश्वर तलावावर. मंदिर पाण्याच्या मधोमध आणि बाजूलाच भुईकोट किल्ल्याची तटबंदी. वारा सुटायच्या आत पाणी स्थिर असतं, तेवढीच काय ती प्रतिबिंबाची वेळ. भाच्यानं व्हिडिओ बघून पडद्यावर चौकटीचे तीन-तीन भाग दाखवणारं ग्रिड लावून ठेवलं होतं आणि क्षितिजरेषा इमानेइतबारे खालच्या तिसऱ्या भागात बसवत होता. परिणाम असा की वर रिकामं आकाश भरपूर आणि खाली प्रतिबिंब कळसापाशी तुटलेलं. त्याला म्हटलं, इथं रेष खुशाल मधोमध घे. वरचं आणि खालचं सारख्याच तोलाचं असेल तर रेष तिसऱ्या भागावर ठेवायचा एक-तृतीयांशचा नियम गुंडाळून ठेवावा. मग त्याला काठावर उकिडवं बसवलं. कॅमेरा पाण्याच्या जवळ गेला तसं मधलं शेवाळ आणि कचरा निमूट दिसेनासा झाला आणि प्रतिबिंब लांबलं. प्रतिबिंब खऱ्या देवळापेक्षा थोडं गडदच येतं. ते उजळ करायच्या नादात आकाश जाळू नये, म्हणजे पांढरंफटक करू नये. एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, कळसावर घ्यायचं, पाणी आपोआप जमतं.

नंतर कितीतरी वेळ आम्ही एकाच जागी बसलो. चौकट ठरलेली, फक्त माणूस यायचा बाकी. भाच्याची चुळबुळ चालली होती, कारण त्याची सवय उलटी: माणूस दिसला की कॅमेरा घेऊन त्याच्या मागे धावायचं. मागे काय आहे ते घरी कॉम्प्युटरवर कळायचं, बहुधा विजेचा खांब. आधी पार्श्वभूमी पक्की करून वाट बघितली की माणूस बरोबर मोकळ्या जागेत येतो. दर्शनाला निघालेल्या एक आजी हातात परडी घेऊन आल्या, तेव्हा त्यानं बोट दाबलं. पहिल्या फोटोत आजींची आकृती मागच्या भिंतीत मिसळली होती, पुढच्यात त्या आकाशासमोर आल्या. दोन पावलांचाच फरक.

ऊन चढल्यावर किल्ल्यात गेलो. भर उन्हासाठी एक जुना ठोकताळा आहे: आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/१६, शटर (उघडं राहण्याचा वेळ) साधारण १/१०० किंवा १/१२५ सेकंद. कॅमेरा यापेक्षा फारच वेगळं काही सांगत असेल तर तो कशाला फसलाय ते बघावं. पण या उन्हात चेहरे काढण्यात अर्थ नसतो, डोळ्यांच्या जागी खड्डे येतात. त्यापेक्षा दरवाजाच्या कमानीखाली सावलीच्या कडेला माणूस उभा करावा, तोंड उजेडाकडे. समोरच्या जमिनीवरून उसळलेला प्रकाश चेहऱ्यावर मऊ पडतो आणि मागचा अंधार पडद्याचं काम करतो. महापालिकेची इंद्रभुवन इमारत बघून घेतली, पण वर मान करून काढलेल्या फोटोत सगळे खांब आत झुकले. मागं सरकायला जागा मिळाली तरच ती काढावी.

दुपारी ऊन बाहेर सोडून आम्ही पूर्व भागात, एका ओळखीच्या यंत्रमाग कारखान्यात शिरलो. माझ्या मते शिकण्यासाठी सोलापुरातली सगळ्यांत भारी जागा हीच. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर इथं विणली जाते, वर नक्षी उठवणाऱ्या जेकार्डच्या दोऱ्या आणि खाली माग. आवाज असा की शेजारच्याशीही खुणेनं बोलायचं. "फोटो काढा की ओ, पण मागाला हात लावू नका," एवढं सांगून मालक आत गेले. मागावरचे अण्णा मूळचे तेलुगू घरातले, मराठी अस्सल सोलापुरी. त्यांना आधी विचारलं, मगच कॅमेरा वर केला.

भाच्याचे पहिले काही फोटो आडव्या काळ्या पट्ट्यांनी भरले. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५०० ठेवलं की ती लुकलुक फोटोत उतरते. शटर १/१०० किंवा १/५० वर आणल्यावर पट्ट्या गेल्या. मग मी त्याला आणखी खाली, १/१५ वर जायला लावलं. पाठ खांबाला टेकव, कोपर बरगड्यांना लाव, श्वास सोडताना हळूच दाब. आडवा धागा नेणारा धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून जाताना पांढऱ्या रेघेसारखा उमटला आणि त्याच्यामागे अण्णा मात्र स्थिर, कारण ते तुटलेला धागा शोधत वाकलेले होते. माग थांबवून त्यांनी दोन टोकं चिमटीत धरली, अंगठ्याखाली एक पीळ दिला आणि गाठ बसली. डोळ्यांनी गाठ दिसेपर्यंत माग परत सुरू. भाच्यानं तिथं चेहरा सोडून फक्त हात घेतले, नखांत अडकलेल्या कापसाच्या तुसासकट. न सांगता घेतले, याचं मला जास्त कौतुक. आयएसओ १६००पर्यंत गेला, फोटोत थोडे दाणे आले. येऊ द्यावेत. एक काळजी मात्र घ्या: हवेत तूस उडत असतं, आत लेन्स बदलू नका.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन दक्षिण सोलापुरातलं हत्तरसंग कुडल गाठलं. भीमा आणि सीनेचा संगम, जुनी देवळं, आणि साडेतीनशेहून अधिक लहान मुखं कोरलेलं प्रसिद्ध शिवलिंग. इथल्या तुळईवरचा शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. त्याचा फोटो फ्लॅश मारून काढू नये. समोरून आलेला प्रकाश अक्षरांच्या खाचांत सावलीच ठेवत नाही, दगड कोरा दिसतो. मी मोबाइलचा टॉर्च अगदी बाजूनं, दगडाला जवळजवळ घासून जाईल असा धरला, तसं एकेक अक्षर उठून आलं. अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून पाणी किंवा खडू लावणाऱ्यांना तिथल्या तिथं अडवावं. बाहेर शिवलिंगावरही तिरपं ऊन येईपर्यंत थांबलो. दुपारी सपाट वाटणारी मुखं उन्हं कलल्यावर नाक-डोळ्यांसकट दिसायला लागली.

परतीच्या गाडीत भाच्यानं विचारलं, "मामा, गड्ड्याला येऊ या का?" यायलाच हवं. पण सिद्धेश्वराच्या संक्रांतीतल्या त्या गड्डा यात्रेला जायचं तर थोडी तयारी करून. खोली आधीच सांगून ठेवावी, ट्रायपॉड घरी ठेवावा. मिरवणुकीतल्या नंदीध्वजांच्या काठ्या उंच, तेव्हा चौकट उभी आणि लेन्स १८वर. मानकरी आणि भक्त पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांच्या अंगरख्यात, असतात. कॅमेऱ्याचा मीटर पांढरं दिसलं की ते राखाडी करू बघतो, म्हणून एक्स्पोजर +१, म्हणजे एक पायरी जास्त, द्यावं आणि कापडाची वीण जळत नाही ना, ते हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) तपासावं. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला, म्हणजे यात्रेतल्या लग्नविधीला, जागा धरायची तर बरंच आधी जावं आणि मागे झाड किंवा गडद भिंत येईल अशी बाजू निवडावी, कारण पांढुरक्या आकाशासमोर उडालेल्या अक्षता दिसतच नाहीत. शटर १/१०००च्या पुढे.