प्रकाशसंश्लेषण

१९७२ साली मी आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत पहिलीत आलो, तेव्हा ‘बालभारती’ची स्थापना होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. पुस्तकाच्या आरंभीची प्रतिज्ञा आम्हाला अर्थ उमगण्याआधीच पाठ झाली होती. अर्थ पुढे कळत गेला, आणि माझ्यापुरता तो, म्हणजे आपल्या परंपरांचा अभिमान कशाला म्हणायचे हे, विज्ञानाच्या तासाला कळला. सरांनी फळ्यावर ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द लिहिला, त्याची फोड करून दाखविली, आणि पान उजेडाच्या आधाराने अन्न कसे जुळवून आणते हे त्या शब्दातूनच उलगडले.

असे शब्द आमच्यापर्यंत सहज आलेले नव्हते. १८३५ साली मेकॉले या ब्रिटिश अधिकाऱ्याने इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरला. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे शिक्षणाविषयी लंडनहून आलेल्या सरकारी धोरणपत्राने, देशी भाषांना खालच्या इयत्तांत जागा दिली, परंतु वरच्या ज्ञानाचे दार इंग्रजीकडेच ठेवले. महात्मा फुले यांनी १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन देऊन, रयतेच्या करातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते आणि बहुजनांची मुले अक्षरओळखीवाचून राहतात, हे स्पष्ट मांडले व प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. त्याच्या दोनच वर्षे आधी चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांनी पुण्यात काढलेल्या शाळेचे नाव मात्र ‘न्यू इंग्लिश स्कूल’ होते. मला यात विसंगती दिसत नाही. राज्यकर्त्यांची विद्या हस्तगत करून ती देशकार्याला लावावी, हीच त्या पिढीची वाट होती.

स्वातंत्र्यानंतर आणि विशेषतः १९६० साली मराठी भाषकांचे राज्य झाल्यावर, आधुनिक ज्ञान आणि आपली भाषा यांची सांगड घालण्याचे काम शासनाने हाती घेतले, परिभाषा कोश तयार करविले. आम्ही त्या कामाचे लाभार्थी. पण हे काम दहावीच्या उंबरठ्याशी थबकले. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी मला संकल्पना ठाऊक असत, त्यांची इंग्रजी नावे नसत. प्राध्यापकांनी विचारले की मी गप्प उभा राही. तो दोष मराठीचा नव्हता. दोन्ही भाषांमध्ये पूल बांधण्याची जबाबदारी कोणी घेतली नव्हती, याचे दुःख मला आजही आहे.

आता शाळेत सेमी-इंग्रजीच्या तुकड्या आहेत, आणि पालकांची निकड मला समजते. त्या मुलांच्या प्रयोगवहीत प्रत्येक इंग्रजी संज्ञेशेजारी मराठी संज्ञाही लिहिली जावी, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे, आणि पहिली शब्दसूची मी स्वतः लिहून दिली आहे.