बँडसॉ मिल (चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याने फळ्या पाडणारं यंत्र), नोंद ३ : तासगावची २४ इंची बाभूळ

बुंधा २४ इंच व्यासाचा, १० फूट लांब, बांधावरचा. वजन टनाच्या आसपास, त्यामुळे बेडच्या मधल्या आडव्या पट्टीखाली जॅक लावल्याशिवाय तो चढवू नये. पहिलीच फळी लाटेसारखी निघाली, ३ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वरखाली. असं झालं की सगळ्यांचं बोट मोटारीकडे जातं. मोटार ७.५ एचपीची आहे आणि घाई केली नाही तर ती पुरते. दोष निघाला गाईडमध्ये (ओंडक्याच्या दोन बाजूंना पातं सरळ धरणारे रोलर) आणि दातांत.

आधी गाईड. दोन्ही रोलर वर घेऊन पात्याला पूर्ण ताण द्यायचा, मग रोलर खाली आणून पातं २ सूत दाबायचं. पात्याची पाठ आणि रोलरची कड यांत १ सूत मोकळी जागा हवी. कड सतत घासली तर पाठ तापते आणि पात्याला बारीक चिरा पडतात. यानंतर दीड फुटी सरळ पट्टी पात्यावर आडवी क्लिपने लावायची. ती दातांच्या वाकवलेल्या टोकांवर टेकली तर माप चुकतं. बेडपासून पट्टीच्या दोन्ही टोकांची उंची मोजायची. फरक पाव सुतापेक्षा जास्त नको. इथे दातांकडचं टोक पाऊण सूत वर निघालं, म्हणजे पातं लाकडात शिरताच वर चढणारच. सरकता गाईड ओंडक्यापासून दोन इंचांच्या आत ठेवायचा, दर फळीला.

आता दात. आंब्यासाठी लावलेलं, दात पुढे १० अंश कललेलं पातं बाभळीच्या गाभ्यात फार ओढ घेतं आणि वाकडं जातं. ७ अंशांचं लावलं. वाळलेल्या चिंचेला ४ अंशही चालेल. (चिंच १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, परवाना आधी.) दातांचं सेटिंग, म्हणजे दात बाजूला वाकवणं, दोन्ही बाजूंना ०.५ मिमी. एका बाजूला जास्त झालं की पातं त्याच बाजूला पळतं, मग गाईड कितीही जुळवा.

रुंद ओंडक्यात खरी अडचण भुशाची. दातांमधल्या खाचेत २४ इंचांच्या प्रवासाचा सगळा भुसा मावला पाहिजे. आपल्याकडे मोटारीवर ४ इंची पुली आणि चाकावर ६ इंची, म्हणजे १४४० फेऱ्यांचे ९६०. १९ इंची चाकावर पात्याचा वेग सेकंदाला २४ मीटर होतो. २२ मिमी अंतराच्या दातांनी पातं ओंडक्यात मिनिटाला ५ मीटर ढकललं तर खाच तुंबते. अडीच मीटरला जमतं. पण फार हळूही नको. भुसा मुठीत घेऊन बघावा: जाड रव्यासारखा लागला तर ठीक, पिठासारखा आणि गरम लागला तर दात कापत नाहीत, घासतायत. ती पिठी पात्याच्या बाजूने निसटून फळीवर थापली जाते.

व्होल्टेजही बघा. ४१५ चे ३६० झाले की मोटारीची ओढ पाऊणच राहते, तेव्हा ढकलणंही तेवढं कमी करा.

पात्यावर पाण्याची धार, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब. ४ मीटरचं पातं ३० अंशांनी तापलं तर जवळपास दीड मिमी लांबतं आणि ताण उतरतो. म्हणून दर तीन फळ्यांना ताण तपासायचा, आणि काम संपल्यावर सोडायचाच, नाहीतर थंड होताना ते आकसतं आणि बेअरिंगांवर नाहक भार येतो.

बांधावरच्या झाडात तार, खिळा असतोच. सालीखाली निळसर-काळा डाग दिसला की समजायचं लोखंड आहे; बाभळीतल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की तो उमटतो. तिथे आधी छिन्नी मारायची.

ओंडका दर दोन फळ्यांनंतर १८० अंश उलटला, नाहीतर आतला ताण मोकळा होऊन मधोमध उचलला जातो. शेवटच्या चार फळ्यांत फरक अर्ध्या सुतावर आला. उजव्या गाईडचं बेअरिंग कुरकुरतंय. ते बदलेपर्यंत चिंचेचा ओंडका खालीच, बेडवर चढवायचा नाही.