संगणकाला सापडलेले पंचम

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमीचाच: समांतर पंचम (दोन आवाजांनी सात अर्धस्वरांचं अंतर तसंच राखून एकत्र सरकणं) टाळा, असं हार्मनीच्या, म्हणजे स्वरमेळाच्या, सुरुवातीच्या धड्यांतच शिकवतात, मग बाख या जर्मन रचनाकाराच्या कोरालवर (चार आवाजांत बांधलेल्या चर्चच्या गीतांवर) पंचम शोधणारा प्रोग्राम चालवला की ते निघतात कसे? बाख चुकला का?

बहुतेकदा घोटाळा तपासणीसाठी संगीताचे तुकडे पाडण्यात असतो. शोधायची कृती साधी आहे. चार आवाजांच्या (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) जोड्या सहा. प्रत्येक जोडीतल्या मिडी क्रमांकांची (संगणकात प्रत्येक स्वराला दिलेला आकडा, दर अर्धस्वराला एकाने वाढणारा) वजाबाकी करून 12 ने भागायचं. बाकी 7 उरली तर पंचम. बास 48 वरून 50 वर, टेनर 55 वरून 57 वर गेला: दोन्ही वेळा 7, दोघंही वर सरकले, म्हणजे समांतर पंचम. दोघं जागीच राहिले तर मोजायचं नाही.

आता फक्त मात्रेवरचे स्वर धरले, तर अर्ध्या मात्रेवर झालेले पंचम निसटतात. म्हणून कुठलाही एक आवाज हलला की नवा काप पाडा. फर्माटा (स्वर लांबवण्याची खूण) आला की तुलना तोडा. ओळ तिथे संपलेली असते.

तरीही यादी उरते, आणि खरी मजा तिथेच आहे. सी मेजरमधल्या एखाद्या ओळीची समाप्ती घ्या. सोप्रानो डीवर (74), आल्टो जीवर (67). सोप्रानो शेवटचा सी अर्धी मात्रा आधीच घेतो, नेमका तेव्हाच आल्टो एफवर उतरतो. 72 वजा 65, पुन्हा 7! पण सी पुढच्या कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाची) चाहूल देतोय आणि एफ ईकडे निघालाय. दोघांची कामं वेगळी. अशी जागा यादीतून पुसू नका, शेरा मारून ठेवा. थोर रचनाकारांच्या कृतींतले असे पंचम आणि अष्टक (पूर्ण सप्तकाचं अंतर) ब्राम्स या जर्मन रचनाकारानेही हौसेने टिपून ठेवले होते.

मिडीत स्वराचं नाव हरवतं, हेही लक्षात असू द्या. एफ ते जी शार्प आणि एफ ते ए फ्लॅट, दोन्ही 3 अर्धस्वर. पहिली उडी कोरालच्या चालीत खटकते, दुसरी नाही. त्यामुळे नावं जपणारी म्युझिकएक्सएमएल (लिखित स्वरलिपीची) फाइलच वापरा.

कॉर्ड ओळखताना आणखी एक फसगत होते. टेनर कधीकधी बासच्या खाली जातो. प्रोग्राम सर्वांत खालचा स्वर पाया धरतो आणि कॉर्डचं उलटं रूप (तिचा कोणता स्वर तळाशी आहे ते) चुकीचं सांगतो. बासला साथ देणारं वाद्य एक सप्तक खाली वाजत असेल, तर ऐकताना पाया बासचाच राहतो. म्हणून पाया बासच्या ओळीतूनच वाचा.