प्लेटच्या वर काय होतं

पिकअप आली होती आवाजाच्या तक्रारीवर. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू निघताना खालून घरघर येते, गाडीने वेग धरला की जाते. मालक स्वतःच गाडी चालवतात, खडीच्या आणि मुरमाच्या वाटांनी माल नेतात, गाडीला जपतात. त्यांनी आपणहून सांगितलं, "ऑइल गळत नाही हां, मिस्त्री. रोज गाडी काढली की खालची जमीन बघतो. एक थेंब नसतो." मग जाता जाता म्हणाले, कधीकधी जळका वास येतो, पण आधीच्या गॅरेजवाल्याने तो क्लचचा असल्याचं सांगितलंय.

खाली स्किड प्लेट, म्हणजे इंजिनचं बूड दगडांपासून वाचवणारा जाड पत्रा, असलेल्या गाडीत असा आवाज असला की माझा पहिला संशय प्लेटवर जातो. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, प्लेट मात्र चासीला घट्ट बसलेली असते. दगडाचा मार खाऊन ती वर दबली आणि ऑइल चेंबरला, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याला, टेकली की इंजिनची सगळी थरथर चासीत उतरते. म्हणून बसवतानाच चेंबर आणि प्लेट यांत निदान २० ते २५ मिलिमीटर फट ठेवावी लागते. प्लेट लवण्यासाठीच असते, पण लवायला तिला जागा पाहिजे.

गाडी लिफ्टवर घेतली. ४ मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट, बाजारातून आणून बसवलेली. बरोबर चेंबरखाली तळहाताएवढा पोचा होता. बोल्टची डोकी बघून वाईट वाटलं. चांगल्या प्लेटमध्ये बोल्टसाठी खोलगट जागा केलेली असते, डोकं आत बसतं आणि दगड वरून घासत निघून जातो. इथे डोकी बाहेर होती. पुढची जेमतेम धरण्याजोगी होती, मागच्या दोघांचे तर कोपरे घासून गोल झाले होते. गोटी पाना नुसता फिरायचा.

अशा बोल्टला आमच्याकडे ठरलेले उपाय आहेत. गॅसने लाल करायचा, नाहीतर डोक्यावर नट वेल्ड करून त्या नटाने फिरवायचा. पोरगा सिलिंडर ओढत आला, "दादा, गरम करू का?" मी हो म्हणणारच होतो, पण मालकांनी सांगितलेला जळका वास डोक्यात घोळत होता. ऑइल सोडायच्या ड्रेन बोल्टसाठी प्लेटला जे भोक असतं त्यातून बॅटरी मारली. आत काळं, ओलं काहीतरी चमकलं आणि त्यात गवताच्या काड्या दिसल्या. सिलिंडर परत पाठवला. ग्राइंडरही नको म्हटलं, ठिणगी ती ठिणगीच.

मग छिन्नी आणि हातोडा. गंज सोडवणारं तेल मारून मुरू दिलं, बोल्टच्या कडेला छिन्नीने खाच पाडली आणि सुटायच्या दिशेने तिरके घाव घालत राहिलो. या कामाला घाई चालत नाही. एक बोल्ट सुटला. दुसऱ्याने आतला वेल्ड केलेला नटच उचकटला आणि तो क्रॉस मेंबरच्या, म्हणजे चासीच्या आडव्या पोकळ दांड्याच्या, बंद पेटीत गरगर फिरू लागला. तिथे हॅकसॉचं पातं फटीत घालून हाताने बोल्ट कापला. तोवर प्लेटखाली गिअरबॉक्सचा जॅक लावून ठेवला होता. प्लेट उतरवताना मी हे नेहमीच करतो, कारण वर किती चिखल साठलाय ते खालून कळत नाही आणि शेवटचा बोल्ट निघाला की सगळं वजन थेट छातीवर येतं.

प्लेट खाली आली. तिच्यावर दोन-तीन बोटं जाडीची गादी होती, चिखल, वाळलेलं गवत आणि इंजिन ऑइल एकत्र दाबून झालेली. पाणी निघून जायची भोकं मातीने बुजून गेली होती. सायलेन्सरचा पाइप जिथून उतरतो तिथली गादी कोरडी आणि तपकिरी झाली होती, हातात चुरा होत होती. डिझेल गाडीतला काजळी धरणारा फिल्टर स्वतःला साफ करताना आतून ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, आणि त्याच्या जवळचे पाइपही तापतात. वाळलेलं गवत त्याच्या कितीतरी आधी पेट घेतं. क्लचचा म्हणून सांगितलेला वास या गादीचा होता. हे सांगणाऱ्याने गाडीखाली डोकं घातलं असतं तर एवढ्यावर आलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं ऑइल आलं कुठून? डिपस्टिकवर पातळी खालच्या खुणेला टेकली होती. चेंबर धुऊन पुसून कोरडं केलं, इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवलं आणि खाली उभं राहून बघितलं. ड्रेन बोल्टच्या तांब्याच्या वायसरखालून ऑइल पाझरत होतं. वायसर पार चपटा झालेला, तोच पुन्हा पुन्हा वापरलेला. पण नुसत्या पाझरण्याने एवढी मोठी गादी भिजत नाही. प्लेट न काढता त्या भोकातून ऑइल बदललं की दर वेळी थोडं वर सांडतंच. चेंबर भरलेलं असताना गरम ऑइलची धार लांब उडते, पातळी उतरली की तीच धार सरळ खाली येते. छोटं गोल भोक या दोन्ही धारा कशा घेईल? ज्याने ते भोक आखलं त्याने प्लेट लावून एकदा तरी स्वतः ऑइल बदलायला हवं होतं. प्लेट काढली असती तर वायसरही दिसला असता, पोचाही. पण बिलावर प्लेट काढण्याची मजुरी लिहिलेली ग्राहकाला आवडत नाही आणि गॅरेजला वेळ घालवायचा नसतो, म्हणून दोघांच्या संमतीने ती जागेवरच राहते.

मालकांना बोलावून सगळं दाखवलं. ते बराच वेळ प्लेटकडे बघत होते. मग म्हणाले, "काढून टाका कायमची. ही नसती तर थेंब जमिनीवर पडला असता आणि मला पहिल्याच दिवशी कळलं असतं."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्यांचा हात धरून चेंबरच्या तळाला लावला. तिथे नखाएवढी जागा आरशासारखी घासली होती, पोचा तिथेच टेकत होता. घरघर तिथलीच. हे चेंबर ओतीव ॲल्युमिनियमचं, ते पोचत नाही, तडकतं. ४ मिलिमीटर पोलाद एवढं वाकवणारा दगड थेट त्याच्यावर बसला असता तर सगळं ऑइल वाटेतच गेलं असतं, आणि ऑइलचा दिवा लागलेला लक्षात येऊन गाडी थांबवेपर्यंत बेअरिंगं. मी म्हटलं, "जमिनीवरचा थेंब तुम्हाला दिसला असता, पण तो दगड तुम्ही कसा बघणार होता?" त्यावर ते काही बोलले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना पटवण्याइतकं पक्कं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. एकाच प्लेटने इंजिन वाचवलं आणि त्याच प्लेटच्या आड गाडी जळायची वेळ आली होती. कुठली बाजू जड धरायची, हे मी अजून मनात ताडून बघतोय.

शेवटी प्लेट बसवायची ठरली, पण माझ्या अटींवर. पोचा प्रेसवर सपाट केला. ड्रेनचं भोक धारेच्या दिशेने लांबट कापलं, त्याच्या कडा कानशीने मोडल्या. मागच्या उतारावर पाणी जायला रुंद चिरा पाडल्या, बोल्टच्या जागा दाबून खोलगट केल्या, मग प्रायमर आणि रंग. उचकटलेल्या नटासाठी क्रॉस मेंबर कापायला मी तयार नव्हतो. नव्या नटाला लांब पट्टी वेल्ड केली, बाजूच्या भोकातून ती पेटीत सरकवली आणि नट जागेवर आणला. पट्टी आत अडते, नट फिरत नाही. बाकीच्या आट्यांत टॅप फिरवून ते साफ केले. बोल्ट एम-१०, ८.८ ग्रेडचे, कॉलरवाले. आधी सगळे हाताने धरवायचे आणि प्लेट सगळीकडे बसली की मगच आवळायचे, नाहीतर शेवटचा बोल्ट तिरका जातो आणि आटे जातात. टॉर्क पाना ४५ न्यूटन मीटरवर लावून आवळले. नवा वायसर, नवं ऑइल.

पहिल्या खराब वाटेच्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासायला या म्हटलं होतं, आणि ते आले. रंगाचा थर दबल्यामुळे मागचे दोन्ही बोल्ट किंचित फिरले, बाकीचे जागेवर होते. घरघर गेली होती. पाण्याचा फवारा चिरांतून मारून कसा साठा बाहेर काढायचा ते त्यांना दाखवलं, दर थोड्या दिवसांनी करा म्हटलं, गवतातून गाडी नेली तर त्याच दिवशी, इंजिन थंड झाल्यावर.

प्लेटवर सूचना लिहून उपयोग नव्हता, पहिल्याच दगडाने ती गेली असती. म्हणून बॉनेट उघडून ऑइल भरायच्या झाकणाशेजारी, पुढच्या मिस्त्रीला दिसल्यावाचून राहणार नाही अशा जागी, पांढऱ्या रंगाने लिहिलं: ऑइल बदलताना प्लेट उतरवा, वायसर नवा घाला.