तुझ्याबरोबर खरेदीला नको

"मावशी, तुझ्याबरोबर खरेदीला आलं ना की मला उगाच चोरी केल्यासारखं वाटतं." मीनू हे बोलली आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळली. विभाने नक्की ऐकलं होतं, पण ती गप्प राहिली. विभा हल्ली गप्पच असते. त्याबद्दल आज नको.

मी मीनूला काहीही म्हटलं नव्हतं. तिने शर्ट हातात दिला, मी तो उलटा करून शिवण पाहिली आणि कुठे तयार झालाय ते वाचलं. एवढंच. तरी तिला चोरी केल्यासारखं वाटलं. म्हणजे आता माझ्या नुसत्या वाचण्याचाही लोकांना जाच होतो का? दिवसभर तेच डोक्यात आहे. मी कुणाला अडवत नाही, उपदेश करत नाही. माझ्यापुरतं कमी घेते, विचारून घेते, घेतलेलं जपून वापरते. तेवढ्यानेही माणसं दुरावणार असतील तर यात मी एकटीच पडत जाणार. खरं सांगायचं तर हे एकटेपण मला झेपत नाही.

शिवण पाहायची सवय मला सावरच्या दुर्घटनेनंतर लागली. २४ एप्रिल २०१३. ढाक्याजवळच्या सावरमधली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं गेली. त्या आकड्यापेक्षाही आदल्या दिवसाची हकीकत मला जास्त छळते. भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या मजल्यांवर कपडे शिवणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. बँकेतल्या माणसांचा जीव जपायचा असतो हे कळत होतं, शिवणाऱ्यांचा नाही. माल वेळेवर गेला पाहिजे ही घाई तिथे होती, आणि त्या घाईचं दुसरं टोक थेट दुकानातल्या हँगरपर्यंत येतं. मी हँगरच्या या बाजूला उभी असते. म्हणून वाचते. मीनूकडे संशयाने बघायला नाही.

तिला हे सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर तो उपदेशच झाला असता. नाही सांगितलं तर नजर बोचते. काय करायचं माणसाने?

"तू एकटीने घेतलं नाहीस म्हणून काय फरक पडणार?" हा प्रश्न विभाचा, जुना. त्याचं मला तितकंसं काही वाटत नाही. १७९१ साली ब्रिटनच्या संसदेने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा तिथल्या हजारो घरांनी गुलामांच्या श्रमातून आलेली साखर बंद केली. त्यात बायका पुढे होत्या. त्यांना मताचा अधिकार नव्हता. संसदेत त्यांचं कुणी ऐकणार नव्हतं, पण घरात कुठली साखर येणार हे त्या ठरवू शकत होत्या. तो व्यापार कायद्याने बंद व्हायला १८०७ उजाडलं, आणि तेही एकट्या साखरेमुळे झालं नाही. खुद्द गुलामांनी हैतीत उठाव केला होता, तोही १७९१ मध्येच. मला त्या बायकांचं हेच पटतं. आपल्याने सगळं बदलेल या भरवशावर त्या थांबल्या नव्हत्या. जे हातात होतं ते त्यांनी केलं. शेजारणी त्यांना काय म्हणत असतील? त्यांच्याकडे चहाला जायला लोक कचरत असतील का?

नुसतं "घेणार नाही" म्हणूनही भागत नाही, हेही मला दिसतं. राणा प्लाझानंतर बांगलादेशातल्या कामगार संघटना मागत होत्या ते सुरक्षित काम. ऑर्डरीच थांबल्या असत्या तर पहिला घाव शिलाई मशीनवर बसलेल्या बाईच्या पगारावर पडला असता. त्याच वर्षी मे महिन्यात परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात इमारतींच्या सुरक्षेचा करार झाला. तो कायद्याने बंधनकारक होता, म्हणून कारखान्यांची तपासणी झाली आणि दुरुस्त्याही झाल्या. म्हणजे माझ्या पाठ फिरवण्यापेक्षा माझ्या विचारण्याला जास्त किंमत आहे. आणि विचारण्याची चैन ज्यांना परवडत नाही, ज्यांना महिनाअखेर स्वस्तात स्वस्त तेच उचलावं लागतं, त्यांच्याकडे बोट दाखवायचा मला काहीही अधिकार नाही. आईने आयुष्यभर तसंच उचललं. तिच्याबद्दल लिहायला घेतलं की हात थांबतो.

हे सगळं लिहिता लिहिता मीनूवरचा राग ओसरला. तिला चोरी केल्यासारखं वाटलं, म्हणजे तिलाही त्या शर्टामागे काहीतरी आहे हे ठाऊक आहे. ते मी तिला दिलेलं नाही. ते तिचं आहे, आणि त्याचं काय करायचं तेही तीच ठरवेल. तिने माझ्याबरोबर यावं असं मला वाटतं. नाही आली तर मी एकटी जाईन, आणि शिवण पाहीन. पुन्हा काही म्हणाली तर वाईट वाटेल. वाटू दे.

एक काम राहिलंय. कपडे कुठे शिवले जातात हे विचारायला ज्या कंपनीला मी लिहिलं होतं तिचं उत्तर आलंय, "आम्ही सर्व नियमांचं पालन करतो." यावर मी गप्प बसणार नाही. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी आणि कामगार चळवळीने वर्षानुवर्षं तगादा लावला, तेव्हा २००५ मध्ये नायकीने आपल्या कारखान्यांची नावं-पत्ते जाहीर केले. पुढे इतर कंपन्याही करू लागल्या. मग यांना काय अडचण आहे? आज झोपण्याआधी त्यांना तेवढंच विचारते. नियमांचं नको, यादी पाठवा. कुठल्या गावात, कुठल्या कारखान्यात, आणि तिथे संघटना करायला परवानगी आहे का.